भाषेची लय संगीतात उतरते का? एका गाजलेल्या पेपरचं वाचन

इंग्रज संगीतकाराच्या वाद्यसंगीतात इंग्रजी बोलण्याची लय असते आणि फ्रेंच संगीतकाराच्या वाद्यसंगीतात फ्रेंच बोलण्याची. हा दावा तुम्ही कुठे ना कुठे ऐकला असेल. नुसता ऐकला तर तो गप्पांच्या फडातला वाटतो. पण २००३ मध्ये अनिरुद्ध पटेल आणि जोसेफ डॅनिएल यांनी 'कॉग्निशन' या नियतकालिकात तो आकड्यांनिशी मांडला. पेपर छोटा आहे, दुपारच्या चहाबरोबर वाचून संपतो. तेव्हापासून लय, भाषा आणि मेंदू यांवर लिहिणारे बहुतेक लोक त्याचा उल्लेख करतात.

तुम्ही पीएचडीची तयारी करत असाल, विषय कुठलाही असो, तर हा पेपर नीट वाचाच. मोठा प्रश्न छोट्या मोजमापात कसा बसवायचा हे तो फार छान शिकवतो. आणि असं बसवताना प्रश्नाचा कुठला भाग बाहेर राहून जातो, हेही त्याच्याच पोटात दिसतं. मी आज या दुसऱ्या भागाबद्दल जास्त बोलणार आहे.

आधी शब्दाचं पाहू. आपण मराठीत 'लय' म्हणतो तेव्हा नेमकं काय म्हणतो? ('लय भारी'मधली लय सोडून द्या, तिचा अर्थ सगळ्यांना कळतो.) गाण्याच्या क्लासला गेलेल्या माणसासाठी लय म्हणजे गती: विलंबित, मध्य, द्रुत. ताल वेगळा, तो मात्रांचं आवर्तन. ठेका आणखी वेगळा. तो त्या आवर्तनातल्या बोलांचा घाट. वृत्त म्हणजे कवितेतली लघु-गुरूंची मांडणी. बोलण्याची जी एक ढब असते, तिला आपल्याकडे बहुधा 'हेल' म्हणतात, आणि त्यात आवाजाचा चढउतारही येतो. इंग्रजीत या सगळ्यांवर 'ऱ्हिदम' ही एकच चादर टाकता येते. आपण ती भाषांतरात 'लय' म्हणून आणतो आणि मग "संगीतात लय आहे, भाषेत लय आहे, हृदयाच्या ठोक्यात लय आहे, म्हणजे सगळीकडे एकच तत्त्व आहे" असे लेख लिहिले जातात. शब्द एक आहे म्हणून वस्तू एक ठरत नाही. हृदयाचंच घ्या. निरोगी माणसाचं हृदय घड्याळासारखं काटेकोर चालत नाही; श्वास घेताना ठोके जरा भरभर पडतात, सोडताना जरा सावकाश. तालाच्या आवर्तनाशी याचा संबंध जोडायचा तर तो सिद्ध करावा लागेल, उपमेने भागणार नाही.

आता भाषेकडे. १९४५ मध्ये केनेथ पाइक यांनी भाषांचे दोन प्रकार सुचवले. इंग्रजीसारख्या भाषेत एका आघातापासून दुसऱ्या आघातापर्यंतचा वेळ साधारण सारखा राहतो, तर दुसऱ्या प्रकारच्या भाषांत प्रत्येक अक्षराला सारखा वेळ मिळतो. (इथे अक्षर म्हणजे उच्चारातला एक तुकडा, लिपीतलं अक्षर नव्हे. हा फरक पुढे फार कामी येणार आहे.) १९६७ मध्ये डेव्हिड अ‍ॅबरक्रॉम्बी यांनी तर जगातल्या सगळ्याच भाषा या दोन पेट्यांपैकी एकीत बसतात असं सांगून टाकलं. एका पेटीत इंग्रजी, रशियन, अरबी. दुसरीत फ्रेंच, योरुबा आणि आपली शेजारीण तेलुगू.

मग कुणीतरी फूटपट्टी घेऊन मोजायला बसलं. पीटर रोच यांनी १९८२ मध्ये नेमक्या याच सहा भाषा घेतल्या आणि त्यांना ही वाटणी वेळेच्या मापात सापडली नाही. रेबेका डॉवर यांनी १९८३ मध्ये दाखवलं की दोन आघातांमधलं अंतर इंग्रजीत जसं बदलतं, जवळपास तसंच ते स्पॅनिश, ग्रीक, इटालियनमध्येही बदलतं. त्यांचं म्हणणं असं की फरक कानाला जाणवतो हे खरं, पण त्यामागे कुठलं आतलं घड्याळ नाही. इंग्रजीत व्यंजनांचे गुंते आहेत, आघात नसलेले स्वर आखडून बोलले जातात. फ्रेंच-स्पॅनिशमध्ये तसं फारसं होत नाही. आपल्याला जी लय ऐकू येते ती या रचनेची सावली आहे.

एखादी कल्पना इथे मेली असती. पण या कल्पनेचा जीव चिवट, आणि तिच्या बाजूने एक भक्कम पुरावाही आहे. १९९८ मध्ये नाझी, बर्तोन्सिनी आणि मेलर यांनी नवजात फ्रेंच बाळांना गाळलेला आवाज ऐकवला. शब्द कळू नयेत, फक्त चढउतार आणि कालमान उरावं असा. बाळांना इंग्रजी आणि जपानी यांतला फरक कळला. इंग्रजी आणि डच यांतला कळला नाही. म्हणजे आवाजात काहीतरी आहे. प्रश्न एवढाच की ते काहीतरी कसं मोजायचं.

यातून निर्देशांकांची लाट आली. रामूस, नेस्पोर आणि मेलर यांनी १९९९ मध्ये आठ भाषांत स्वरांचा वाटा आणि व्यंजनांच्या लांबीतली चढउतार मोजली. एस्थर ग्रेब आणि लो ई लिंग यांनी २००२ मध्ये १८ भाषांवर दुसरं एक माप चालवलं: नॉर्मलाइज्ड पेअरवाइज व्हेरिएबिलिटी इंडेक्स, म्हणजेच एनपीव्हीआय. हे माप मुळात सिंगापूरची इंग्रजी आणि ब्रिटिश इंग्रजी यांची तुलना करायला घडवलं होतं. १८ भाषांमध्ये तमिळ आहे, मराठी नाही. आणि प्रत्येक भाषेसाठी बोलणारा माणूस एकच. हे पुन्हा वाचा: एक भाषा, एक माणूस.

एनपीव्हीआय काढायला सोपा आहे. शेजारशेजारचे दोन कालावधी घ्या, त्यांच्यातला फरक काढा, त्या दोघांच्या सरासरीने भागा. अशा सगळ्या जोड्यांची सरासरी काढून १०० ने गुणा. सगळे कालावधी सारखे असतील तर उत्तर ०. दीर्घ-ऱ्हस्व असं २ आणि १ आलटूनपालटून आलं तर ६६.७. ३ आणि १ आलटूनपालटून आलं तर बरोबर १००. वेग वाढला तरी आकडा बदलत नाही, कारण भागाकार केलेला आहे. संगीत आणि बोलणं एका मापात आणायला हीच सोय हवी होती, आणि पटेल-डॅनिएल यांनी ती अचूक हेरली.

त्यांनी काय केलं? बार्लो आणि मॉर्गेनस्टर्न यांचा वाद्यसंगीताच्या धूनांचा कोश घेतला. १९व्या शतकात जन्मलेले आणि २०व्या शतकात वारलेले संगीतकार निवडले. इंग्रजांमध्ये एल्गार, होल्स्ट, व्हॉन विल्यम्स वगैरे सहा. फ्रेंचांमध्ये देब्युसी, राव्हेल, सँ-साँ वगैरे दहा. एकूण ३१८ धूना. स्वरलिपीत जो कालावधी लिहिलेला आहे तोच धरला, कुणी वाजवताना ताणलेला नव्हे. इंग्रजी धूनांची सरासरी सुमारे ४७ आली, फ्रेंच धूनांची सुमारे ४१. बोलण्यातही इंग्रजीचा आकडा फ्रेंचपेक्षा वर. दिशा जुळली. त्याच वर्षी ह्यूरन आणि ओलेन यांनी बऱ्याच जास्त धूना घेऊन तपासलं, तेव्हाही इंग्रजी-फ्रेंच फरक टिकला. सामाजिक-मानसिक शास्त्रांत इतक्या लवकर पुनरावृत्ती होणं दुर्मीळच, हे श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

मग अडचण कुठे आहे? आपल्याच घरातलं एक उदाहरण घेऊन मोजू. भुजंगप्रयात वृत्त तुमच्या कानात लहानपणापासून आहे; मनाचे श्लोक त्यातच आहेत. ओळीत १२ अक्षरं: लघु-गुरु-गुरु असं चार वेळा. लघूची १ मात्रा आणि गुरूच्या २ धरा. १२ अक्षरांच्या ११ जोड्या होतात. त्यातल्या ७ जोड्या असमान (लघु-गुरु किंवा गुरु-लघु), ४ समान. आकडा येतो ४२.४.

आता स्रग्विणी घ्या: गुरु-लघु-गुरु चार वेळा, पुन्हा १२ अक्षरं, पुन्हा २० मात्रा. साखळी तीच, फक्त एका अक्षराने सरकवून कापलेली. पण इथे ११ पैकी ८ जोड्या असमान. आकडा ४८.५.

दोन्हींमधला फरक ६. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातला फरकही ६.

हसू नका, आणि लगेच "पेपर खोटा" असंही म्हणू नका. दोन ओळींची तुलना आणि ३१८ धूनांची सरासरी या वेगळ्या गोष्टी आहेत. धून कुठेही, कशीही कापली गेली असती तर शेकडो धूनांमध्ये हा परिणाम विरून गेला असता. पण धूना कशाही कापल्या जात नाहीत. त्या जिथे सुरू होतात तिथे सुरू होतात. समजा एका देशातले संगीतकार धून ठळक ठोक्यावर सुरू करायला जास्त राजी आहेत आणि दुसऱ्या देशातले ठोक्याच्या आधी एखादा हलका सूर टाकून. तर आतली चाल तीच असली तरी आकड्यात फरक पडेल. तो फरक भाषेमुळे आला असेलही! पण मग ती भाषेची "कालावधींची चढउतार" नसेल, ओळ सुरू करायची सवय असेल. एनपीव्हीआय या दोन गोष्टी वेगळ्या करून सांगत नाही. दोन्ही वृत्तं न थांबता सलग म्हणत राहिलात तर दोन्हींचा आकडा ४४.४ वरच येऊन थांबतो. आणि भुजंगप्रयात व स्रग्विणी ज्याने म्हटली आहेत त्याला विचारा, ती सारखी वाटतात का.

हे मला या मापाचं मूळ दुखणं वाटतं. ते शेजाऱ्याला ओळखतं, गावाला ओळखत नाही. तबल्याकडे गेलात तर हे उघडं पडतं. तीनतालाच्या १६ मात्रा सारख्या, आकडा ०. एकतालाच्या १२ मात्रा सारख्या; आकडा ०. दादऱ्याच्या ६; तोही ०. विभाग धरून मोजलं तर झपताल २-३-२-३ म्हणून ४० येतो, पण तीनताल ४-४-४-४ पुन्हा ०. तीनताल तीनताल कशामुळे होतो? समेमुळे, खालीमुळे, डग्ग्याच्या घुमाऱ्यामुळे. त्यातही एक गंमत आहे. खाली हाताने दाखवतात नवव्या मात्रेवर, पण नेहमीच्या ठेक्यात नवव्या मात्रेवर 'धा'च असतो. डग्गा गप्प होतो दहाव्यापासून आणि परततो चौदाव्यावर. म्हणजे हाताची खाली आणि कानाची खाली यांच्यातसुद्धा एक मात्रा सरकलेली. रूपकात तर समच खालीवर. ही सगळी माहिती कालावधींच्या यादीत नाही. ती बोलांत, नादाच्या रंगात आणि ऐकणाऱ्याच्या अपेक्षेत आहे.

ऐकणाऱ्याची अपेक्षा हा शब्द मी हवेत टाकत नाही. १८९४ मध्ये थॅडियस बोल्टन यांनी लोकांना एकसारखे, सारख्या अंतराचे टकटक आवाज ऐकवले. लोकांना ते दोन-दोनचे, तीन-तीनचे, चार-चारचे गट ऐकू आले. भिंतीवरच्या घड्याळाचा प्रत्येक टोला तोच असताना आपल्याला 'टिक-टॉक' ऐकू येतं, तोच प्रकार. आवाजात फरक शून्य, कानात लय हजर. लय ध्वनीत किती आणि ऐकणाऱ्यात किती, हा प्रश्न बोल्टनपासून उभा आहे, आणि ध्वनीतले कालावधी मोजणारा कुठलाही निर्देशांक त्याच्या निम्म्या भागालाच हात घालतो.

पेपरवर माझे आणखी दोन आक्षेप आहेत, ते थोडक्यात. पहिला सॅम्पलचा: ३१८ ही संख्या मोठी वाटते, पण स्वतंत्र माणसं १६. एकाच संगीतकाराच्या वीस धूना म्हणजे वीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. दुसरा पर्यायी कारणाचा: व्हॉन विल्यम्स आणि होल्स्ट इंग्रजी लोकगीतांच्या नादी लागलेले होते. संगीतातला फरक लोकगीतांतून आला असेल तर भाषेचा हात दूरचा ठरतो. पुढे जर्मन-ऑस्ट्रियन संगीताचे आकडे अपेक्षेइतके वर आले नाहीत, कारण जर्मन भाषा इंग्रजीच्या पेटीतली. तेव्हा इटालियन संगीताच्या जुन्या प्रभावाचं कारण पुढे आलं, आणि तो प्रभाव ओसरला तसतसा आकडा चढत गेला असं कालक्रमाने दाखवलं गेलं. ते खरंही असेल. पण भाकीत जुळलं तर श्रेय भाषेला आणि नाही जुळलं तर जबाबदारी इतिहासावर, असा हिशेब दिसला की पेन्सिल हातात घ्यावी.

आणि भाषेच्या बाजूचा पाया? अमालिया अर्वानिटी यांनी २०१२ मध्ये सहा भाषांवर दाखवलं की हे निर्देशांक कोण बोलतंय, वाचून बोलतंय की मनाने, आणि वाक्यं कुठली निवडली आहेत यांवर प्रचंड हलतात. वाक्यं बदलून एकाच भाषेचे आकडे बरेच इकडेतिकडे नेता येतात. मग एका माणसाच्या वाचनावरून काढलेल्या भाषेच्या आकड्याला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा.

हे सगळं मी इतक्या तपशिलात सांगतेय, कारण "मराठीची लय" हा विषय घेऊन संशोधन करावं असं वाटणारे विद्यार्थी मला भेटतात. भाषाशास्त्रातले, संगीतातले, आणि माझ्यासारखे सिग्नल प्रोसेसिंगकडून आलेले. सगळ्यांचा बेत साधारण एकच: चाळीस जणांचं वाचन रेकॉर्ड करायचं, सॉफ्टवेअरमध्ये स्वर-व्यंजनांच्या खुणा करायच्या, एनपीव्हीआय काढायचा, मराठी कुठल्या पेटीत बसते ते सांगायचं. तीन वर्षांत होण्यासारखं काम आहे, आणि गाइडलाही पटकन पटतं. पण उत्तर आल्यावर आपल्याला मराठीबद्दल काय कळेल?

मराठीत त्याहून खोल पाणी आहे. 'करमणूक' शब्द लिहिताना पाच अक्षरं. बोलताना तीन तुकडे: कर्-म-णूक्. वृत्तात बसवताना पुन्हा पाच, सगळे 'अ' जिवंत. एकाच शब्दाला दोन घड्याळं, आणि वृत्तात लिहिणारा-वाचणारा माणूस विनातक्रार एकावरून दुसऱ्यावर जातो. इकार-उकारांचंही तेच. 'कवी' लिहिताना दीर्घ, 'कविता'त ऱ्हस्व. बोलताना त्यांची लांबी शब्दातल्या जागेवर ठरते, लिखित नियमावर नाही. आणि वृत्तात गरज पडली की कवी 'कवि' करून मोकळा होतो. माधवराव पटवर्धनांच्या 'छंदोरचने'ची १९३७ ची आवृत्ती उघडा. लघु-गुरूंचे तक्ते तर आहेतच, पण अक्षरांची रचना आणि म्हणण्याची चाल यांचं नातं काय, हा प्रश्न तिथे प्रत्यक्ष उदाहरणांवर झुंजवलेला दिसेल. नव्या पेपरांच्या नादात हे पुस्तक वाचायचं राहिलं, तर तुम्ही चाळीस लोक रेकॉर्ड कराल आणि नेमकं काय मोजतोय हेच ठरवलेलं नसेल: बोललेली अक्षरं, लिहिलेली, की म्हटलेली.

मग प्रश्न कसा असावा? माझ्या मनात बरेच दिवस एक घोळतोय. कुणाला करायचा असेल तर खुशाल घ्या. कार्ल ब्यूशर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये 'आर्बाइट उंड ऱ्हिथ्मुस' हे पुस्तक लिहिलं. म्हणणं असं की गाण्याची आणि काव्याची लय श्रमाच्या लयीतून जन्मली. आपल्याकडे जात्यावरच्या ओवीबद्दल हेच विधान शाळेच्या निबंधापासून भाषणांपर्यंत सगळीकडे असतं: जात्याच्या फेऱ्याने ओवीला लय दिली. खरं आहे का? ओवीच्या चरणांत अक्षरसंख्या पक्की नसते. कधी कमी, कधी जास्त, आणि गाताना ती ओढून किंवा आवळून बसवली जाते. कशात बसवली जाते? दगडाच्या फेऱ्यात, की चालीच्या स्वतःच्या मापात? फेरा आणि चरण एकत्र संपतात का, की दोन वेगळी चक्रं एकमेकांवरून सरकत जातात आणि मधूनच गाठ पडते? चरण लांबला तर हात मंदावतो, की हात तसाच चालतो आणि गळा जुळवून घेतो? यातलं प्रत्येक उत्तर वेगळं आहे, आणि प्रत्येक मोजता येण्यासारखं आहे. निर्देशांक लागणार नाही. दोन घटनांच्या वेळा पुरतील, फेऱ्याची आणि चरणाची.

सामग्रीही आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. संगणकीय संगीत-अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्या सहभागातून १९९० च्या दशकात सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं, आणि पारी या संकेतस्थळाने २०१७ पासून हा ठेवा लोकांसमोर आणला. पण एक तांत्रिक पेच आधी सोडवावा लागेल. घरोघरी गिरणीचं पीठ आल्यावर जातं कोपऱ्यात गेलं. कुणी रेकॉर्डिंगसाठी आलं म्हणून बाई जात्यावर बसली, तर त्यात दाणे असतीलच असं नाही, आणि रिकामं जातं हलकं फिरतं. त्याचा फेरा धरून काढलेलं उत्तर दळणाचं नसेल. त्यामुळे पहिलं काम कान लावून बसण्याचं आहे: त्या १२० तासांपैकी किती तासांत घरघर ऐकू येते, आणि त्यातल्या किती वेळा दगडाखाली खरंच काही भरडलं जात होतं.